गोष्टीतलं विज्ञान खरं किती?

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. गोष्टींचं वेड आहे, पण विज्ञानाचं पुस्तक उघडायचा कंटाळा. विज्ञानावरच्या गोष्टी द्याव्यात का? त्यातून चुकीच्या कल्पना तर रुजणार नाहीत?

उत्तर : जरूर द्या. सुरुवात ल्युसी आणि स्टीफन हॉकिंग या लेक-वडिलांच्या ‘जॉर्जेस सीक्रेट की टू द युनिव्हर्स’पासून (२००७) करा. इंग्रजी जड गेलं, तर मराठीत सांगत सांगत वाचा. शेजाऱ्याकडे पळालेल्या डुकरामागे जॉर्ज जातो आणि कॉसमॉस या महासंगणकाशी त्याची गाठ पडते. पुढे शास्त्रज्ञ एरिक कृष्णविवरात पडतो आणि चक्क परतही येतो! पुस्तक संपल्यावर गप्पांच्या ओघात विचारा, यातलं खरं किती? कृष्णविवरातून अतिशय मंद प्रारण बाहेर पडत असावं, हे स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ साली गणिताने मांडलं. ते प्रत्यक्ष टिपता मात्र अजून आलेलं नाही. गोष्टीतल्या एरिकसारखा त्या प्रारणातून अख्खा माणूस पुन्हा उभा करणं, ही निव्वळ कल्पना. असं निवडून पाहायची सवय लागली, की तुमची भीती आपोआप जाईल. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा दोन-तीन वर्षांनी हाती द्या. फक्त या गप्पांची तोंडी परीक्षा होऊ देऊ नका.