धानावरील औषध आणि बोडीचें पाणी

आलापल्लीच्या बाजूस धानाची शेती करणाऱ्यांस बोडीचें महत्त्व सांगावयास नको. पावसानें ताण दिला म्हणजे खालच्या बांध्यांस पाणी तीच देते. गुरें तेथेंच पितात, मासेहि तींतच मिळतात. परंतु वरच्या बांधींत फवारलेलें औषध पहिल्याच जोराच्या सरीबरोबर उतारानें त्याच बोडींत येतें, याचा विचार आपण क्वचितच करतों.

बोडी म्हणजे केवळ सांठविलेलें पाणी नव्हे. तींत शेवाळ, त्यावर जगणारे बारीक जलकीटक, त्यांवर पोसणारे मासे व चतुरांचीं पिलें, आणि या सर्वांवर जगणारे बगळे अशी एक सांखळी असते. सायपरमेथ्रीनसारखें औषध एका लिटर पाण्यांत मिलिग्रॅमचे कांहीं सहस्रांश इतकें मिसळलें तरी मासे मरूं शकतात. कारण तें निकामी करण्याची शक्ति माशांच्या शरीरांत फार थोडी असते. जलकीटक तर त्याहूनहि आधीं मरतात. म्हणून मासे तरंगले नाहींत एवढ्यावरून पाणी निर्दोष समजूं नये. खाद्य नष्ट झाल्यानें ते पुढें खुरटतात.

यांत पिकाचीहि हानि आहे. तुडतुड्यांचीं अंडीं धानाच्या बुंध्याच्या आवरणांत दडलेलीं असल्यामुळें वांचतात. पण तुडतुडे खाणारे कोळी व चतुर मरतात. नव्या पिढीस मग वैरी उरत नाहीं, आणि शेतकऱ्यास पुन्हां औषध विकत आणावें लागतें. इंडोनेशियांत हाच अनुभव आल्यावर तेथील सरकारनें १९८६ सालीं भातावर ५७ औषधांस मनाई केली. आपल्याकडे माशांस अत्यंत घातक असलेलें एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें २०११ सालीं बंद झालें. परंतु एक औषध गेल्यानें पाण्याची भीति टळली असें नव्हे.

तेव्हां आमची सूचना अशी कीं, बांधींत उतरून बुंधे तपासावे व कीड खरोखर वाढली असेल तरच औषध मारावें. आभाळ भरून आलें असतां फवारणी करूं नये. फवारल्यावर बांधीचें पाणी कांहीं दिवस बाहेर सोडूं नये. पंप बोडींत वा नाल्यांत धुऊं नये. रिकाम्या बाटल्या धुऱ्यावर टाकूं नयेत. बोडीच्या कडेस गवताचा पट्टा राखावा. डोहांत औषध ओतून मासे धरण्याचा प्रकार तर सर्वथा त्याज्य समजावा. असे मासे खाणाऱ्यासहि अपाय होतो.

वरच्या शेतकऱ्याची चूक खालच्याच्या गुरांस भोंवते. म्हणून हे नियम एकेकट्यानें नव्हे, तर गांवकऱ्यांनीं एकत्र बसून ठरवावे व रोवणीपूर्वींच ठरवावे, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.