राष्ट्रध्वज : चढविताना आणि उतरविताना

स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताकदिनाची सकाळ शाळेतून बाहेर पडल्यावरही विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहते. मैदानावर आखलेल्या चुन्याच्या रेषा, स्वच्छ गणवेश आणि ध्वजाकडे लागलेले डोळे आपणा सर्वांना आठवतात. ध्वज उतरविण्याची वेळ मात्र फारशी कोणाला आठवत नाही. तोवर खाऊ वाटून झालेला असतो आणि मैदान रिकामे झालेले असते. ध्वजाविषयीच्या आदराची खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते, असे आम्हांस वाटते.

22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला. त्यासाठी नेमलेल्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. पूर्वीच्या तिरंग्यावरील चरख्याच्या जागी सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभशीर्षावरील चक्र आले. त्याचे 24 आरे मोजतच आपली मुले मोठी होतात. या चक्राचा आपल्याला अभिमान आहे, म्हणून आपली जबाबदारीही अधिक आहे.

भारतीय ध्वजसंहिता 26 जानेवारी 2002 पासून लागू झाली. तिचे नियम साधे आहेत. ध्वजाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण 3:2 असावे आणि केशरी पट्टा वर असावा. ध्वज भिंतीवर उभा लावल्यास केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हातास यावा. ध्वज झपाट्याने चढवावा व संथपणे, सन्मानाने उतरवावा. तो जमिनीस वा पाण्यास टेकू देऊ नये, त्यावर काही लिहू नये. फाटका वा मळका ध्वज लावू नये.

आपल्यासारख्या संस्थांनी एक नियम विशेष ध्यानात ठेवावा. राष्ट्रध्वजाहून उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी दुसरा ध्वज लावता येत नाही. एकाच खांबावर दोन्ही फडकविता येत नाहीत. म्हणून बुद्धपौर्णिमेस वा धम्मचक्र प्रवर्तन दिनी पंचशील ध्वजासाठी स्वतंत्र जागा योजावी. यात धम्माला उणेपणा येत नाही. ज्या संविधानाने सर्वांना समान नागरिक मानले, त्याच्या ध्वजाचा मान राखणे हेही आपले कर्तव्यच आहे.

उतरविलेल्या ध्वजाची घडी दोघांनी मिळून घालावी. ध्वज आडवा धरून केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्या पट्ट्याखाली दुमडावा. मग दोन्ही टोके मध्याकडे अशी आणावीत की चक्र आणि केशरी-हिरव्या पट्ट्यांचा थोडा भाग दिसत राहील. ही घडी दोन्ही तळहातांवर घेऊन जागेवर ठेवावी. जीर्ण झालेला ध्वज कचऱ्यात टाकू नये. तो संपूर्णपणे, खाजगीरीत्या, शक्यतो जाळून नष्ट करावा. कागदी ध्वजांचेही तेच पथ्य आहे.

2021 साली पॉलिएस्टरच्या व यंत्रावर तयार झालेल्या ध्वजांना मान्यता मिळाली. 2022 पासून नागरिकाला आपल्या घरावर रात्रंदिवस ध्वज फडकविण्याची मुभाही मिळाली. पूर्वी शाळा व कार्यालये जी काळजी घेत, ती आता प्रत्येक घराकडे आली आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एक विनंती आहे. पुढील राष्ट्रीय सणाच्या दिवशी समारंभ संपल्यावर थोडा वेळ थांबा. मैदानात वा रस्त्यात पडलेला एखादा कागदी ध्वज मुलाकडून उचलून घ्या आणि घरी गेल्यावर त्याला ध्वजाची घडी घालावयास शिकवा. आदर म्हणजे काय, हे त्याला आमच्या भाषणांपेक्षा त्या घडीतून अधिक समजेल.