चाळणी किती बारीक असावी ?

गेल्या पावसाळ्यांत चाकूरच्याच एका पालकांनीं आम्हांस एक प्रश्न केला. त्यांचे चिरंजीव पुण्यास शिकतात व त्यांनीं आपल्या मोबाईलवर बिटकॉइन नांवाच्या आभासी चलनाचें पाकीट घेतलें होतें. "गुरुजी, या चलनाच्या साऱ्या जगाच्या व्यवहारांची एकच वही असते म्हणे. मग एवढी वही त्या एवढ्याशा यंत्रांत मावते कशी ?" प्रश्न मार्मिक होता. तो आम्हीं गणिताच्या तासास फळ्यावर सोडविला व आतां येथें मांडीत आहों. मात्र आरंभींच एक खुलासा करितों. या चलनांत कोणीं पैसा घालावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आपल्या रिझर्व्ह बँकेनें त्यास चलन म्हणून मान्यता दिलेली नाहीं, आणि सन २०२२ पासून त्यावरील नफ्यास शेंकडा ३० कर आहे. आम्हांस गोडी आहे ती त्यांतील गणिताची.

प्रश्नाचें सरळ उत्तर असें कीं, ती वही मोबाईलांत मावत नाहीं. सन २००९ पासूनचे सर्व व्यवहार तींत नोंदलेले आहेत व सन २०२४ मध्येंच ती ५०० गिगाबाइटांहून मोठी झाली होती. सुमारें दर दहा मिनिटांस नव्या व्यवहारांचा एक गठ्ठा तीस जोडला जातो. सातोशी नाकामोतो या टोपणनांवाच्या लेखकानें सन २००८ च्या आपल्या निबंधांतच यावर तोड सुचविली होती : लहान यंत्रानें गठ्ठे न ठेवितां त्यांचे मथळेच तेवढे ठेवावे. मथळा अवघा ८० बाइटांचा. दिवसाचे १४४ गठ्ठे धरिले तर वर्षाचे मथळे सुमारें ४२ लाख बाइट भरतात, म्हणजे एकाद्या छायाचित्राएवढे. आपल्यापुरते व्यवहार मात्र पूर्ण वही बाळगणाऱ्या एखाद्या ठाण्याकडून मागून घ्यावयाचे. खरी अडचण येथेंच उभी राहते.

समजा, टपालकचेरींत जाऊन आपण म्हणालों, "पाटलांचीं पत्रें द्या." पत्रें मिळतील, परंतु मागणारा कोण तें पोस्टमास्तरांस कळेल. याउलट "प अक्षरानें सुरू होणारीं सगळीं द्या" म्हटलें, तर पवार, पांचाळ, पाटील अशा सर्वांचीं पत्रें पिशवींत पडतील. ओझें वाढेल, पण आपण कोण तें गुप्त राहील. बिटकॉइनची वही सर्वांस खुली असते. तींत नांवांऐवजीं पत्ते म्हणून लांबलचक अक्षरमाला असतात. अमुक पत्ते अमुक घरच्या मोबाईलचे, एवढें एकदां कोणास कळलें, कीं त्या घराची मिळकत व देवघेव त्यास घरबसल्या वाचतां येते. यास्तव मागणी कशी करावी हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हे.

या कामीं जी युक्ति योजिली गेली ती मूळची बिटकॉइनची नव्हेच. बर्टन ब्लूम नामक गृहस्थानें ती सन १९७० मध्यें प्रसिद्ध केली. त्याचें उदाहरण ओळीच्या शेवटीं इंग्रजी शब्द कोठें तोडावा याचें होतें. सुमारें ५ लाख शब्दांपैकीं शेंकडा ९० साध्या नियमांनीं तुटतात, उरलेल्यांसाठीं कोश पाहावा लागतो. आणि त्या काळीं संगणकाची स्मृति तोकडी असल्यामुळें कोश बाहेरच्या तबकडीवर असे. शब्द कोशांत आहे कीं नाहीं याचा जवळजवळ बरोबर अंदाज थोडक्या जागेंत ठेवितां आला, तर पुष्कळ हेलपाटे वांचतील, असा त्याचा विचार होता. अंदाज चुकला तरी एक हेलपाटा फुकट जाई, शब्द कांहीं चुकीचा तुटत नसे.

वर्गांत आम्हीं ही चाळणी अशी केली. फळ्यावर ० ते १० अशीं ११ घरें आंखिलीं. त्या दिवशीं ६० मुलांपैकीं २५ व ४१ या क्रमांकांचे दोघे गैरहजर होते. नियम असा कीं, गैरहजराचा क्रमांक एकदां ११ नें व एकदां ७ नें भागावा आणि ज्या बाक्या येतील त्या घरांत खूण करावी. २५ च्या बाक्या ३ व ४. ४१ च्या ८ व ६. चार घरें भरलीं. मग नांवें पुसून टाकिलीं व विचारिलें, "३६ क्रमांक गैरहजर आहे काय ?" त्याच्या बाक्या ३ व १. एक क्रमांकाचें घर रिकामें, म्हणून तो खात्रीनें हजर. पुढें ५२ ची पाळी आली. बाक्या ८ व ३. दोन्ही घरें भरलेलीं! फळा म्हणतो गैरहजर, आणि स्वारी तर पहिल्या बाकावर बसून हंसत होती. सर्व क्रमांक तपासतां असे नाहक पकडले गेलेले ८ निघाले. परंतु खरा गैरहजर मात्र एकहि सुटला नाहीं व सुटणेंहि शक्य नाहीं, कारण त्याचीं घरें आपणच भरलेलीं असतात. मग २३ घरें घेऊन २३ व १९ यांनीं भागून पाहिलें, तेव्हां नाहक पकडलेले ४ च उरले. जागा वाढवावी तसतशी चूक घटते.

किती जागेस किती चूक, याचा हिशोब ठरलेला आहे. नियमांची संख्या योग्य निवडल्यास शंभरांत एक चूक चालत असेल तेथें दर नांवामागें सुमारें ९.६ बिट, म्हणजे तितकीं घरें, लागतात. हजारांत एक हवी असल्यास सुमारें १४.४. चूक दहापट कमी करण्यास दर नांवामागें पांचांहूनहि कमी घरें अधिक पुरतात. शंभर पत्त्यांची चाळणी पहिल्या प्रकारें १२० बाइटांची, दुसऱ्या प्रकारें १८० ची. एवढें स्वस्त असतां चाळणी होईल तितकी बारीक कां करूं नये ? असें एका विद्यार्थिनीनें विचारिलें, आणि आमच्या मतें त्या तासाचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होय. उत्तर टपालकचेरींत आहे. चाळणींतून फक्त आपलेंच धान्य पडूं लागलें, तर ती ज्याच्या हातीं दिली त्यास आपलें धान्य ओळखूं येतें. ब्लूमला जी चूक खर्चाची बाब होती, तीच येथें आडोसा झाली.

सन २०१२ मध्यें माइक हर्न व मॅट कोरॅलो यांनीं बिटकॉइनच्या सुधारणा-प्रस्ताव क्रमांक ३७ मध्यें ही चाळणी आणिली. मोबाईलनें ती भरून ठाण्याकडे धाडावी, ठाण्यानें तींतून व्यवहार चाळून द्यावे. आकार ३६,००० बाइटांपर्यंत व नियम ५० पर्यंत, अशी मर्यादा घातली. चुकीचें प्रमाण मोबाईलनेंच ठरवावयाचें. गठ्ठ्यांत २,५०० व्यवहार असून प्रत्येकाची एकदांच परीक्षा होते असें सोयीसाठीं धरूं. शंभरांत एक चुकीस दिवसाकाठीं ३,६०० परके व्यवहार उतरवावे लागतील, हजारांत एक चुकीस ३६०. परवडणाऱ्या ओझ्यांत थोडा आडोसा, असा हा सौदा होता.

तो सौदा पुढें फसला. सन २०१४ मध्यें झुरिक येथील तंत्रविद्यापीठ व एनईसी कंपनीची युरोपांतील प्रयोगशाळा यांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, विसांहून कमी पत्ते असणाऱ्याचे जवळजवळ सर्व पत्ते अशा चाळणीवरून उघडे पडूं शकतात. कारण आमच्या मुलांनींच हिशोबानें काढिलें. १०० पत्त्यांसाठीं, शंभरांत एक चुकीच्या बेतानें, ९६० घरें व ७ नियम घेतले, पण पत्ते २० च भरले, तर बहुतेक घरें रिकामीं राहून चूक दहा लाखांत एकाहूनहि कमी होते. आडोसा आहे असें मालकास वाटतें, पण तो नसतोच ! शिवाय मोबाईल पुन्हां सुरू झाला व निराळ्या खुणांची दुसरी चाळणी गेली, तर पाहणारा दोन्ही एकावर एक धरतो. शंभरांत एक व शंभरांत एक मिळून दहा हजारांत एक. काल "प अक्षराचीं" व आज "तीन अक्षरी आडनांवांचीं" पत्रें मागणारा लवकरच ओळखला जाईल, तसेंच हें. ठाण्यांनाहि प्रत्येकासाठीं गठ्ठे चाळण्याचा जाच होताच. सन २०१९ मध्यें बिटकॉइन कोर या मुख्य प्रणालींत ही सेवा आपोआप चालू राहण्याचें बंद झालें.

दरम्यान सन २०१७ मध्यें निघालेल्या १५८ क्रमांकाच्या प्रस्तावानें दिशाच उलटविली. आतां ठाणें प्रत्येक गठ्ठ्याची एक चाळणी करून सर्वांस तीच देतें. जणूं पोस्टमास्तरांनीं आलेल्या थैलीची खूण दारावर लाविली. आपला पत्ता तींत बसतो काय, हें मोबाईल आपल्या घरींच पाहतो. बसल्यास सबंध गठ्ठा मागवितो, व तोहि दुसऱ्या ठाण्याकडून मागवितां येतो. येथें चुकीची किंमत एका व्यवहाराची नसून साऱ्या गठ्ठ्याची, म्हणून चूकहि फार विरळ ठेविली आहे : दर पत्त्यामागें ७,८४,९३१ त एक. शंभर पत्त्यांच्या पाकिटास सुमारें ५४ दिवसांनीं एखादा गठ्ठा फुकट उतरवावा लागेल. यांत मोबाईलला दर गठ्ठ्याची चाळणी उतरवून घ्यावी लागते, म्हणजे रोजचें ओझें पूर्वींहून वाढलें. आम्हांस हा सौदा अधिक प्रामाणिक वाटतो. ज्याचें गुपित त्यानेंच त्याचा भार वाहावा.

सुटींत करण्यासाठीं एक उदाहरण देतों. ११ घरांच्या पहिल्या फळ्यावर ३० क्रमांकाचा तिसरा गैरहजर मिळवावा व ६० मुलांत नाहक पकडले गेलेले आतां किती होतात तें काढावें. आमचें उत्तर १४ आलें आहे. कोणाचें निराळें आल्यास त्यानें आपली वही घेऊन आम्हांस भेटावें.