दिसले, पण उरले काय?

प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, लहानपणी ‘बागुलबुवा आला’ असे कोणी म्हटले की आपण मुकाट्याने घास गिळत असू. तो बागुलबुवा कसा दिसतो हे सांगणारा मात्र कधी भेटत नसे. याच्या अगदी उलट प्रकारही जगात घडतो. एखादा प्राणी पाहिल्याचे शेकडो लोक शपथेवर सांगतात, त्याची उंची, रंग, चाल, इतकेच काय त्याचा स्वभावही सांगतात. फक्त तो प्राणी कोणाच्या हाती लागत नाही. प्रस्तुत पाठ अशा प्राण्यांविषयी आणि त्यांचा शोध घेणाऱ्या माणसांविषयी आहे. हा माहितीपर लेख आहे. तो वाचताना, लेखक कोणती गोष्ट घडलेली म्हणून सांगतो आणि कोणती ‘लोक सांगतात’ म्हणून सांगतो, याकडे लक्ष ठेवा.

मूळ पाठ

काशीच्या मणिकर्णिका घाटावर पुरता अंधार असा कधी होत नाही. या स्मशानघाटावर रात्रंदिवस चिता जळत असतात. लाकडे वाहणारे, चिता रचणारे, अग्नी देणाऱ्या डोम समाजातील माणसे, नावाडी, दूरगावाहून प्रेत घेऊन आलेले आप्त, या सर्वांची रात्र दिवसासारखीच कामात जाते. मराठी माणसाला हा घाट परका नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अहिल्याबाई होळकर यांनी तो बांधून काढला, आणि झाशीच्या राणीचे माहेरचे नावही मणिकर्णिका हेच होते. भुताखेतांची भीती कोठे वाटावी, तर खरे म्हणजे अशा ठिकाणी. पण येथे राबणाऱ्यांना एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर दिसत असते. देह अग्नीच्या स्वाधीन केला तरी सर्व काही नाहीसे होत नाही. राख उरते, काही अस्थी उरतात, आणि त्या गंगेत सोडाव्या लागतात. जो जगला त्याचे काहीतरी मागे राहते. पुढील हकिकती वाचताना घाटावरची ही साधी गोष्ट विसरू नका.

सन २००२ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात याच काशीच्या आसपासच्या मुलखात लोक रात्रीला भिऊ लागले होते. शेजारच्या मिर्झापूर जिल्ह्यात भीती सर्वांत अधिक होती. रात्री आकाशातून काहीतरी येते, त्यातून लाल-निळा प्रकाश निघतो, ते झोपलेल्या माणसाच्या अंगावर झडप घालते, तोंड ओरबाडते आणि क्षणात दिसेनासे होते, असे लोक सांगत. त्याला नाव पडले ‘मुँहनोचवा’, म्हणजे तोंड ओरबाडणारा. कोणी तो फुटबॉलएवढा गोळा असल्याचे सांगे, कोणी मोठा कीटक, कोणी मांजरासारखा प्राणी, तर कोणी परकीयांनी सोडलेले यंत्र. अंगावरचे ओरखडे व भाजल्यासारखे डाग दाखवणारी माणसे इस्पितळांत येऊ लागली.

त्या वर्षी पावसाने मोठी ओढ दिली होती. जुलै महिन्यात देशभर सरासरीच्या जेमतेम निम्माच पाऊस झाला. उकाडा असह्य, त्यात वीज बेभरवशाची. त्यामुळे माणसे अंगणात किंवा गच्चीवर बाजा टाकून झोपत. आता तीही सोय गेली. भर उकाड्यात दारे-खिडक्या लावून कुटुंबे आत कोंडून घेऊ लागली. गावोगावचे तरुण लाठ्या घेऊन, ढोल वाजवीत रात्रभर गस्त घालू लागले. या प्राण्याला पकडा, अशी मागणी करीत जमाव पोलीस ठाण्यांवर जाऊ लागले. बाराबंकी येथे असाच एक जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात एक जण मृत्युमुखी पडला. मुँहनोचव्याची भीती खोटी असो वा खरी, हा मृत्यू खरा होता.

स्पष्टीकरणेही भराभर पुढे आली. कानपूरच्या आयआयटीतील एका तज्ज्ञाने कोरड्या हवामानात निर्माण होणाऱ्या विजेच्या गोळ्याची शक्यता वर्तवली. काही पोलीस अधिकाऱ्यांनी मोठे कीटक पकडून दाखवले. डॉक्टरांचे मत असे पडले की, हा सामूहिक भयाचा प्रकार असावा. भेदरलेला माणूस झोपेत स्वतःलाच ओरबाडतो, किडा चावला तरी दचकून उठतो, आणि उठल्यावर काल ऐकलेलीच गोष्ट आपल्याला घडली असे त्याला मनापासून वाटते. यांपैकी डॉक्टरांचे म्हणणे मला अधिक पटते. त्याचे कारण असे की, पाऊस आणि थंडी आल्यावर हा प्राणी कोठेही पकडला न जाता आपोआप नाहीसा झाला. त्याचे पीस, केस, नख, हाड, यंत्र म्हणावे तर एखादा खिळा, काहीही मागे राहिले नाही.

याच्या आदल्याच वर्षी, मे २००१ मध्ये, राजधानी दिल्लीत हेच घडले होते. गाझियाबादकडून सुरू झालेली ‘काला बंदर’ अथवा ‘मंकी मॅन’ याची वार्ता पूर्व दिल्लीत पसरली. वर्णने पाहा : सुमारे चार फूट उंच, अंगभर काळे केस, डोळे लाल, हातांना लोखंडी नख्या, डोक्यावर हेल्मेट! पोलिसांना शेकडो दूरध्वनी आले. लोकांच्या वर्णनांवरून चित्रे काढून प्रसिद्ध करण्यात आली, पन्नास हजार रुपयांचे बक्षीस लावण्यात आले. ‘आला, आला’ ही हाक ऐकून गच्चीवरून पळताना खाली पडून माणसे दगावली. पुढे मनोविकारतज्ज्ञ व न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जखमींची तपासणी केली, तेव्हा असा कोणताही प्राणी अस्तित्वात असल्याचा पुरावा मिळाला नाही. उन्हाळा, वीज गेलेली रात्र, गच्चीवर झोपलेली दाट वस्ती, हे सारे येथेही होतेच.

येथे आपल्या भाषेतील एका लहानशा शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. तो शब्द म्हणजे ‘म्हणे’. ‘शेजारच्या गावात मुँहनोचवा आला होता म्हणे’, या वाक्यात बोलणारा प्रामाणिकपणे कबूल करतो की, मी हे पाहिलेले नाही, ऐकले आहे. ‘म्हणे’ हा ऐकीव माहितीवरचा शिक्का आहे. पण गोष्ट या तोंडातून त्या तोंडात जाताना हा शिक्का पुसला जातो. तिसरा माणूस म्हणतो, ‘शेजारच्या गावात मुँहनोचवा आला होता.’ पाचवा म्हणतो, ‘आमच्या मेहुण्याच्या दारात आला होता.’ शब्द एकच गळाला, परंतु ऐकीव गोष्टीची साक्ष झाली. अफवा पसरते ती बहुतेक वेळा खोटे बोलणाऱ्यांमुळे नव्हे, तर ‘म्हणे’ गाळणाऱ्यांमुळे पसरते.

हा शब्द गळाल्याची किंमत महाराष्ट्रानेही मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. तेथे अज्ञात प्राणी नव्हता, जिवंत माणसे होती. म्हणून जमावाच्या हाती कोणीतरी लागले.

असले प्रकार गरीब, अल्पशिक्षित वस्त्यांतच घडतात, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेसारख्या संपन्न देशात ‘बिगफूट’ नावाच्या प्राण्याचा शोध गेली अनेक दशके चालू आहे. १९५८ साली उत्तर कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे रस्त्याचे काम चालू असताना जेरी क्रू या कामगाराला यंत्राभोवतीच्या मातीत माणसाच्या पावलासारखे, परंतु प्रचंड ठसे दिसले. त्याने त्यांचा प्लास्टरचा साचा घेतला, वर्तमानपत्राने छायाचित्र छापले आणि ‘बिगफूट’, म्हणजे मोठ्या पावलाचा, हे नाव सर्वतोमुखी झाले. १९६७ मध्ये त्याच परिसरात रॉजर पॅटरसन व बॉब गिमलिन यांनी सुमारे एक मिनिटाची चित्रफीत घेतली. तीत केसाळ अंगाची एक आकृती चालत जाताना मागे वळून पाहते. ती आकृती म्हणजे केसाळ पोशाख चढवलेला माणूस की आणखी काही, याचा वाद अजून मिटलेला नाही.

ठशांचे काय झाले? त्या रस्त्याचे कंत्राटदार रे वॉलेस हे २००२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे मुँहनोचवा गाजत होता त्याच वर्षी, निवर्तले. त्यांच्या मागे कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली मोठी पावले जगाला दाखवली आणि ही त्यांनी केलेली थट्टा होती असे सांगितले. शोधकांपैकी अनेकांनी ते मानले नाही. इतर ठिकाणचे ठसे निराळे आहेत, असे त्यांचे म्हणणे.

या हौशी शोधकांच्या चर्चा ऐकण्यासारख्या असतात. ही मंडळी मूर्ख नव्हेत. रात्रीच्या रात्री ती रानात काढतात, ध्वनिमुद्रण करतात, पावले मोजतात, नोंदवह्या ठेवतात. त्यांच्या मते बिगफूट निशाचर आहे, लाजाळू आहे, झाडाच्या बुंध्यावर लाकूड आपटून तो सोबत्यांना खूण करतो, कोणी फार जवळ आले तर दगड फेकतो. येथपर्यंत ऐकताना असे वाटते की, आपण वाघाच्या किंवा अस्वलाच्या सवयींविषयीच ऐकत आहोत. मग कोणीतरी विचारते, ‘इतकी वर्षे हा प्राणी रानात आहे, तर एखादा तरी मेला असेल. त्याचे हाड का सापडत नाही?’ त्यावर उत्तर येते, ‘ते आपले मृत पुरतात.’

मणिकर्णिकेवरची गोष्ट येथे आठवावी. या उत्तरातील गंमत अशी की, पुराव्याचा अभाव हाच प्राण्याचा स्वभाव ठरवला गेला. हाड मिळत नाही, म्हणून तो मृत पुरणारा. स्पष्ट छायाचित्र मिळत नाही, म्हणून तो अतिशय सावध. प्रत्येक उणीव अशा रीतीने एकेका सवयीत बदलते आणि प्राणी अधिकाधिक हुशार होत जातो. शिवाय पुरलेले कधी सापडत नाही असेही नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी पुरलेल्या माणसांचे सांगाडे आपल्या इनामगाव येथील उत्खननात मिळाले आहेतच.

हिमालयातील यतीची, म्हणजे हिममानवाची, कथा याहून थोडी पुढे जाते, कारण तेथे तपासण्याजोगे काही मिळाले. १९५१ साली गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी बर्फातील मोठ्या पावलाचे छायाचित्र घेतले आणि जगभर कुतूहल जागे झाले. मठांतून व संग्रहांतून यतीची म्हणून जपलेली हाडे, दात, केस, कातडी यांची जनुकीय तपासणी पुढे शास्त्रज्ञांनी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात नऊ नमुने होते. त्यांतील आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. यतीचे भक्त यामुळे हिरमुसले असतील. पण हिमालयातील अस्वलांविषयी मात्र मोलाची माहिती हाती आली.

मग नाहीशा वाटणाऱ्या प्राण्याचा शोध घेणे हा निव्वळ वेडेपणाच समजायचा काय? तसे नाही. आपल्या महाराष्ट्रातच असा एक शोध यशस्वी झालेला आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा लहान पक्षी. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले. १८८४ नंतर मात्र तो कोणाला खात्रीलायकपणे दिसला नाही. तो नष्टच झाला, असे पुष्कळांनी गृहीत धरले. तथापि बिगफूट आणि रानपिंगळा यांत एक मूलभूत फरक होता. रानपिंगळ्याची कातडी, पिसांसह, संग्रहालयांत जपून ठेवलेली होती. तो कधीकाळी होता, याविषयी शंका नव्हती.

त्यातही एक ठकबाजी होतीच. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळवल्याची नोंद केली होती. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी असून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली आहे, असे त्यांना आढळले. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोध कोठे घ्यायचा हे स्पष्ट झाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. (तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला.) एकशे तेरा वर्षांनी दिसलेल्या या पक्ष्याचे त्यांनी छायाचित्रण केले. पुढे मेळघाटातही तो आढळला.

त्यानंतर रानपिंगळ्याच्या स्वभावाची चर्चा सुरू झाली आणि ती निराळ्या प्रकारची होती. घुबडाच्या जातीचा असूनही तो दिवसा उजेडी वावरतो, निष्पर्ण झाडाच्या उघड्या फांदीवर बसतो, शेपूट जोराने इकडून तिकडे हलवतो. ज्याला याची खात्री करून घ्यायची असेल, त्याने सकाळी दुर्बीण घेऊन त्या रानात जावे आणि शांत बसून पाहावे.

शब्दार्थ

निशाचर – रात्री हिंडणारा. गस्त – पहाऱ्यासाठी घातलेली फेरी. बाज – दोरीने विणलेली खाट. निवर्तणे – मरण पावणे. सर्वतोमुखी – सर्वांच्या तोंडी. निष्पर्ण – पाने गळालेले.

स्वाध्याय

१. ‘प्रत्येक उणीव अशा रीतीने एकेका सवयीत बदलते’, हे विधान पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. रानपिंगळ्याच्या शोधात खोटी नोंद ओळखल्याचा काय उपयोग झाला?

३. पुढील वाक्यात ‘म्हणे’ घातल्याने अर्थात कोणता फरक पडतो ते लिहा : ‘विहिरीजवळ रात्री कोणीतरी रडते.’

४. तुमच्या गावात किंवा वस्तीत पसरलेली एखादी अफवा आठवा. ती तुम्हांला प्रथम कोणी सांगितली, त्याने स्वतः काय पाहिले होते आणि तुम्ही ती पुढे कोणत्या शब्दांत सांगितली, हे दहा-बारा ओळींत लिहा.