तरंगत्या विमानतळांचें मर्मस्थान

किल्ला जितका मोठा, तितकी त्याच्या दरवाजांची चिंता अधिक. ज्या गोष्टीमुळें एखाद्याचें सामर्थ्य वाढतें, तीच पुष्कळदां त्याचें मर्मस्थानही ठरते. आधुनिक आरमारांतील विमानवाहू जहाजांचा इतिहास पाहिला म्हणजे या नियमाची सत्यता चांगलीच पटते. प्रस्तुत लेखांत त्या इतिहासांतील कांहीं प्रसंगांचा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम या जहाजाची रचना कशी असते तें पाहूं. सर्वांत वर विमानांना उड्डाण करण्यासाठीं व उतरण्यासाठीं लांबच लांब सपाट डेक असतो. त्याच्या खालीं विमानें ठेवण्याची प्रशस्त विमानशाळा असते, व विमानें वरखालीं नेण्यासाठीं मोठाल्या लिफ्ट असतात. त्याहून खालीं दारूगोळ्याचीं कोठारें, विमानांच्या इंधनाच्या टांक्या व एंजिनें असतात. पूर्वीच्या प्रचंड युद्धनौकांच्या तोफांचा मारा सुमारें वीस मैलांपर्यंत पोंचे. विमानें मात्र दोनशें मैलांवरील शत्रूवरही झडप घालूं लागलीं. साहजिकच दुसऱ्या महायुद्धांत आरमाराचें अग्रस्थान विमानवाहू जहाजाकडे आलें. परंतु पेट्रोल, बाँब, पाणतीर आणि हजारों माणसें हीं सर्व एकाच लोखंडी पेटींत भरलेलीं असतात, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व अनर्थांचें मूळ तिच्यांतच आहे.

४ जून १९४२ रोजीं पॅसिफिक महासागरांत मिडवे बेटाजवळ जपान व अमेरिका यांच्या आरमारांची गांठ पडली. अ‍ॅडमिरल नागुमो याच्या हाताखालीं ‘अकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ व ‘हिर्यू’ हीं चार विमानवाहू जहाजें होतीं. हीं चारही जहाजें सहा महिन्यांपूर्वीं पर्ल हार्बरवरील हल्ल्यांत होतीं, व त्यांच्या विजयाची कीर्ति सर्वत्र पसरली होती. त्या सकाळीं नागुमोनें प्रथम बेटावर पुन्हां हल्ला करण्याच्या हेतूनें विमानांवरील पाणतीर काढून जमिनीवर टाकण्याचे बाँब चढविण्याची आज्ञा दिली. पुढें अमेरिकन जहाजें जवळच असल्याची वार्ता आली, तेव्हां ती आज्ञा फिरवावी लागली. या घाईगर्दींत काढलेले बाँब कोठारांत परत न जातां विमानशाळेंतच पडून राहिले. शेजारींच पेट्रोलनें भरलेलीं विमानें उभीं होतीं.

इतक्यांत अमेरिकेचीं पाणतीर टाकणारीं विमानें पाण्याच्या पृष्ठभागालगत चाल करून आलीं. त्यांतील ‘हॉर्नेट’ जहाजावरील तुकडीचीं पंधराच्या पंधरा विमानें जपान्यांनीं पाडलीं, व त्या तुकडींतील एकच वैमानिक जिवंत राहिला. त्यांचा एकही पाणतीर लागला नाहीं. पण जपानी लढाऊ विमानें त्यांच्या पाठलागांत गुंतून खालीं उतरलीं. त्याच वेळीं, सकाळीं साडेदहाच्या सुमारास, अमेरिकेचीं सूर मारणारीं बाँबफेकी विमानें उंच आकाशांतून कोसळलीं. पांचसहा मिनिटांच्या आंत ‘अकागी’, ‘कागा’ व ‘सोर्यू’ हीं तीन जहाजें धडाडून पेटलीं. ‘अकागी’वर तर एकच बाँब नेमका बसला. तेवढ्यानें एवढें अवाढव्य जहाज सहसा बुडूं नये. परंतु तो बाँब विमानशाळेंत फुटला, व तेथें त्याला त्याचे भाईबंद भेटले. शत्रूनें केवळ ठिणगी टाकली. सरण जहाजानें स्वतःच रचून ठेविलें होतें. दुपारनंतर ‘हिर्यू’चीही तीच गत झाली. या संग्रामांत जपानचे तीन हजारांवर लोक प्राणांस मुकले.

त्याच लढाईंत अमेरिकेच्या ‘यॉर्कटाउन’ जहाजावरही बाँब पडले. तथापि हल्ला होण्यापूर्वीं तेथील लोकांनीं पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत कर्बद्विप्राणिद, म्हणजे आग विझविणारा वायु, भरून ठेविला होता. महिन्यापूर्वींच ‘लेक्सिंग्टन’ हें जहाज पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊन गेलें होतें. त्यापासून घेतलेला हा धडा होता. त्यामुळें आग आटोक्यांत आली व जहाज पुन्हां चालूं लागलें. अखेरीस पाणतिरांनीं व एका जपानी पाणबुडीनें त्याचा घात केला खरा, परंतु तोंपर्यंत त्यावरील बहुतेक माणसें वांचविण्यांत आलीं होतीं.

अज्ञान व गैरसावधपणा यांचीं याहूनही ठळक उदाहरणें पुढें १९४४ सालीं घडलीं. जपाननें ‘ताइहो’ नांवाचें नवें जहाज बांधलें व त्याचा डेक पोलादी कवचानें मढविला. १९ जून रोजीं अमेरिकन पाणबुडीचा एकच पाणतीर त्यास लागला. जहाज वेगानें चालतच राहिलें, आणि कोणास विशेष भय वाटलें नाहीं. परंतु इंधनाच्या टांक्या फुटून आंत वाफ सांठूं लागली होती. ती घालविण्यासाठीं वायुवीजनाचे सर्व मार्ग खुले करण्यांत आले. परिणाम असा झाला कीं, ती जहाजभर पसरली. सुमारें सहा तासांनीं भयंकर स्फोट होऊन, वरून अभेद्य वाटणारें तें जहाज आंतूनच फाटलें.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ‘शिनानो’ हें त्या काळचें जगांतील सर्वांत मोठें विमानवाहू जहाज आरमारांत दाखल झालें. दहाच दिवसांनीं, २९ नोव्हेंबरच्या पहांटे, ‘आर्चरफिश’ या पाणबुडीचे चार पाणतीर त्यास लागले. जहाजाचें काम अपुरें होतें, पाणी अडविणारीं दारें सर्वत्र नीट बसविलेलीं नव्हतीं, व खलाशी नवखे होते. एका दालनांतून दुसऱ्या दालनांत पाणी शिरत गेलें, आणि सुमारें सात तासांत चौदाशेंवर माणसांसह तें समुद्राच्या तळाशीं गेलें. एकाही शत्रूवर त्यानें विमान सोडलें नव्हतें.

प्रत्येक वेळीं शत्रूच लागतो असेंही नाहीं. २९ जुलै १९६७ रोजीं अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ जहाजावर स्वतःच्याच एका विमानावरील अग्निबाण अकस्मात् सुटला. त्यानें लागलेल्या आगींत १३४ माणसें दगावलीं.

महायुद्धानंतर धोक्यांचें रूप पालटलें. आज उपग्रह आकाशांतून समुद्र न्याहाळतात, व शेंकडों मैलांवरून सोडलेलीं क्षेपणास्त्रें जहाजाचा वेध घेतात. १९८२ च्या फॉकलंड युद्धांत ‘शेफील्ड’ ही ब्रिटिश विनाशिका एका क्षेपणास्त्रानें निकामी झाली. म्हणून ‘हर्मिस’ हें विमानवाहू जहाज ब्रिटिशांस पूर्वेकडे दूर ठेवावें लागलें. हेंच जहाज पुढें ‘विराट’ या नांवानें भारतीय आरमारांत आलें. उलट पक्षीं, ब्रिटिश पाणबुडीनें ‘बेलग्रानो’ ही क्रूझर बुडविल्यावर अर्जेंटिनाचें विमानवाहू जहाज बंदराकडे परतलें. त्यास कोणी स्पर्शही केला नव्हता. केवळ भीतीनेंच तें निरुपयोगी झालें.

तर मग हीं जहाजें टाकाऊच समजावीं काय? असा निर्णय घाईचा होईल. जमिनीवरील विमानतळ जागचा हालत नाहीं. हें जहाज मात्र तासास तीस मैलांहून अधिक वेगानें जागा बदलतें. १९७१ च्या युद्धापूर्वीं आपलें ‘विक्रांत’ अंदमानाकडे गुप्तपणें ठेविलेलें होतें. त्याच्या शोधार्थ आलेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली, आणि ‘विक्रांत’च्या विमानांनीं चितगांव व कॉक्सबझार येथें यशस्वी हल्ले केले. २००५ सालीं अमेरिकेनें आपलें ‘अमेरिका’ नांवाचें जुनें जहाज परीक्षेसाठीं मुद्दाम स्फोटांच्या तोंडीं दिलें; तें सुमारें चार आठवडे टिकलें. १९४५ नंतर असें एकही मोठें जहाज शत्रूनें युद्धांत बुडविलेलें नाहीं. मात्र १९४४ नंतर दोन विमानवाहू आरमारांचा सामनाही झालेला नाहीं, हें विसरतां कामा नये. अमेरिकेच्या ‘जेराल्ड फोर्ड’ या जहाजास सुमारें १,३०० कोटी डॉलर खर्च आला, व त्यावर सुमारें साडेचार हजार माणसें राहतात. एका क्षणाच्या चुकीवर पणास लागणारी ही किंमत आहे.

सारांश, विशालता हें संरक्षण नव्हे. ‘शिनानो’ सर्वांत मोठें होतें, तें दहा दिवस टिकलें. ‘यॉर्कटाउन’ त्या मानानें लहान, पण त्यावरील माणसांनीं शेजाऱ्याच्या अपघातापासून बोध घेतला होता. नळी रिकामी केली कीं नाहीं, दार घट्ट लावलें कीं नाहीं, काढलेला बाँब कोठारांत परत गेला कीं नाहीं, हीं कामें क्षुद्र दिसतात, व तीं करणाऱ्या खलाशाचें नांव कोणत्याही इतिहासांत येत नाहीं. तरीपण हजारों मातांचे पुत्र घरीं परत येणार कीं नाहींत, हें पुष्कळ वेळां त्यानेंच ठरविलें आहे. विद्यार्थिमित्रांनो, मोठ्या कार्यांत आपल्या वांट्यास लहानसें काम आलें म्हणून खंत करूं नका. तें चोख झालें आहे ना, एवढें मात्र पुन्हां एकदां पाहा.