सांगोल्याचे आबासाहेब

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या भागाचे प्रश्न विधानसभेत कोण मांडतो? आपला आमदार. हे काम एका माणसाने अकरा वेळा निवडून येऊन केले. त्यांचे नाव गणपतराव देशमुख. लोक त्यांना प्रेमाने 'आबासाहेब' म्हणत.

त्यांचा जन्म 1926 साली सोलापूर जिल्ह्यात झाला. शिक्षणाने ते वकील होते. 1962 साली ते शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोला मतदारसंघातून प्रथम निवडून आले. सांगोला हा दुष्काळी तालुका. तेथील शेतीला पाणी मिळावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे विधानसभेत आवाज उठवला. त्यांचा पक्ष लहान होता. बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर बसले; पण त्यांनी पक्ष कधी बदलला नाही. 1978 आणि 1999 मध्ये ते मंत्री झाले, तरी त्यांची राहणी साधीच राहिली. ते एस.टी.ने प्रवास करीत.

निवडणुकीत ते दोनदा हरलेही. 1995 साली तर दोनशेपेक्षा कमी मतांनी त्यांचा पराभव झाला. तरीही त्यांनी लोकांचे काम सोडले नाही. 1999 साली लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. 2014 साली ते अकराव्यांदा जिंकले, तेव्हा त्यांचे वय 88 वर्षे होते. 30 जुलै 2021 रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, अठरा वर्षांचे झाल्यावर तुम्हीही मत द्याल. तेव्हा 1995 ची ती थोडीशी मते आठवा. एकेका मताला किंमत असते. म्हणून मत देताना उमेदवाराची श्रीमंती नव्हे, त्याचे काम पाहा.