नैसर्गिक प्रतिपिंडे आणि दाह

कुरुळीच्या खडीच्या रस्त्यावर सायकल घसरून गुडघा फुटला, तर थोड्याच वेळात तो लाल होतो, सुजतो, गरम लागतो आणि ठणकतो. यालाच दाह म्हणतात. पेशी फुटून त्यांतील द्रव्ये बाहेर सांडली की रक्षक पेशी तेथे धाव घेतात व दाह सुरू होतो.

पण इजा झालेली नसतानाही आपल्या शरीरात दररोज अब्जावधी पेशी मरत असतात. रक्तातील तांबड्या पेशीचे आयुष्य तर अवघे १२० दिवसांचे! मग आपले सारे अंग सतत सुजलेले का नसते?

रोगजंतू शिरल्यावर किंवा लस टोचल्यावर प्रतिपिंडे तयार होतात, हे तुम्ही शिकला आहात. ते खरे, पण अपुरे. काही प्रतिपिंडे रोगाची वाट न पाहता आधीच रक्तात हजर असतात. ती नैसर्गिक प्रतिपिंडे होत.

त्यांचे ठळक उदाहरण मुंबईतलेच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट प्रसिद्ध केला. 'ओ' गटाचे रक्त सर्वांना चालते, असे आपण मानतो. या लोकांचा रक्तद्रव मात्र 'ओ' गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी! त्यांच्या पेशींवर 'एच' नावाची शर्करारचना नव्हती आणि परके रक्त कधी घेतलेले नसतानाही तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात होती. हाच 'बाँबे रक्तगट'.

ही प्रतिपिंडे परकी पेशी ओळखतात. त्यांची काही भावंडे आपल्याच मरणाऱ्या पेशी ओळखतात. ती मुख्यतः 'आय-जी-एम' जातीची, म्हणजे पाच सारख्या घटकांची व दहा टोकांची असतात. पायजम्याला एक कुसळ लागले तर झटकून जाते; दहा लागली तर बसून काढावी लागतात. तसेच येथे घडते. एकेका टोकाची पकड सैल, पण दहांची मिळून घट्ट.

पेशी मरू लागली की तिच्या पटलातील फॉस्फोरिलकोलीन उघडे पडते. आय-जी-एम त्याला चिकटते, तिच्यावर 'सी-१-क्यू' हे प्रथिन येऊन बसते आणि भक्षक पेशी ती मरणारी पेशी फुटण्याआधीच गिळते. द्रव्ये सांडतच नाहीत, मग दाह कशाला होईल?

२००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. स्वतःच्याच पेशींवर उलटण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांपैकी काहींना रक्तात आय-जी-एम सोडताच येत नव्हते. त्यांच्यात हा रोग लवकर बळावला आणि मूत्रपिंडांचा दाहही अधिक तीव्र झाला.